लॉसन टेट : एका नकाराने घडवलेला शल्यविशारद

१८८१ च्या उन्हाळ्यात लंडनहून आगगाडीने आलेली एक स्त्री गंभीर अवस्थेत बर्मिंगहॅमला पोहोचली. हॉलराइट नावाच्या स्थानिक डॉक्टरांनी तिला तपासले आणि त्या काळाच्या मानाने थक्क करणारे निदान केले. गर्भ गर्भाशयात न रुजता नलिकेत रुजला आहे, ती नलिका फुटली आहे आणि पोटाच्या पोकळीत रक्तस्राव होत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सल्ल्यासाठी त्यांनी शहरातील सर्वांत धाडसी शल्यविशारद रॉबर्ट लॉसन टेट यांना पाचारण केले. पोट उघडून फुटलेली नलिका काढून टाकावी, अशी सूचनाही हॉलराइट यांनीच केली. पोट उघडण्याची भीती टेट यांना कधीच वाटली नव्हती, तरी या सूचनेने ते गांगरले आणि त्यांनी नकार दिला. पुढे जेम्स जॉन्स्टन या आणखी एका डॉक्टरांच्या उपस्थितीत रुग्णाची पुन्हा तपासणी झाली. हॉलराइट यांनी पुन्हा आग्रह धरला आणि टेट यांनी पुन्हा नकार दिला. त्यानंतर पुन्हा एकदा रक्तस्राव झाला आणि ती स्त्री दगावली.

शवविच्छेदनात हॉलराइट यांचे निदान तंतोतंत खरे ठरले. टेट यांनी फुटलेली नलिका हातात घेऊन बारकाईने न्याहाळली. गर्भाशयाला बाजूने धरून ठेवणाऱ्या पडद्यातून त्या नलिकेच्या रक्तवाहिन्या जातात. तेथे दोऱ्याची एक गाठ मारली असती आणि नलिका कापून काढली असती, तर रक्तस्राव जागच्या जागी थांबला असता, हे त्यांच्या लक्षात आले. आपल्याला या प्रसंगाची लाज वाटते, असे त्यांनी पुढे आपल्या व्याख्यानांत उघडपणे लिहिले आणि ती सूचना हॉलराइट यांची होती, हेही नोंदवले. स्वतःच्या चुकीची कबुली देण्याबद्दल हे गृहस्थ अजिबात प्रसिद्ध नव्हते. त्यामुळे या कबुलीला विशेष वजन आहे.

टेट यांना त्या दिवशी नकार का द्यावासा वाटला, हे समजून घ्यायचे तर हा आजार नेमका काय आहे, हे पाहावे लागते. बीजांडकोशातून सुटलेले स्त्रीबीज गर्भनलिकेत शिरते, तेथे त्याचा शुक्रजंतूशी संयोग होतो आणि फलित बीज काही दिवसांत गर्भाशयात उतरून तेथे रुजते. काही वेळा हा प्रवास मध्येच थांबतो आणि बीज वाटेतच मूळ धरते. यालाच आज एक्टोपिक प्रेग्नन्सी किंवा गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा म्हणतात. अशा दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत गर्भ नलिकेतच असतो. गर्भाशयाची भिंत जाड आणि ताणली जाणारी असते. नलिका मात्र अरुंद आणि पातळ असते. वाढणारा गर्भ तिच्या भिंतीत शिरत जातो, तिला फुगवतो आणि बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ती फुटते. रक्त बाहेर दिसते थोडेच. खरा रक्तस्राव आत, पोटात होत असतो. हा गर्भ टिकून मूल जन्माला येईल, अशी आशा जवळजवळ नसतेच. प्रश्न असतो तो आईच्या जिवाचा.

एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांना हा आजार माहीत नव्हता असे नाही. कॉर्डोबाच्या अबुल कासिम या शल्यविशारदाने दहाव्या शतकाच्या सुमारास त्याचे वर्णन करून ठेवले होते. १७५९ मध्ये जॉन बार्ड यांनी न्यूयॉर्कमध्ये गर्भाशयाबाहेर वाढलेला मृत गर्भ शस्त्रक्रियेने काढून स्त्रीचे प्राणही वाचवले होते. मात्र तो जुना, आधीच मृत झालेला गर्भ होता. नलिका फुटून घटकाघटकाला रक्त जात असलेल्या स्त्रीचे पोट उघडणे ही निराळीच गोष्ट होती. फिलाडेल्फियाचे डॉ. जॉन पॅरी यांनी १८७६ मध्ये अशा ५०० रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या, त्यांत ३३६ मृत्यू होते, म्हणजे शंभरात सदुसष्ट. या स्त्रियांना मरू देण्याऐवजी शस्त्रक्रिया करा, असे पॅरी यांनी कळकळीने मांडले. पण त्याच वर्षी ते स्वतःच तरुण वयात वारले आणि त्यांचे आवाहन पुस्तकातच राहिले. पूर्ण विश्रांती, अफू आणि प्रतीक्षा एवढेच उपचार उरले. काहींनी विजेचा प्रवाह सोडून गर्भ नष्ट करण्याचेही प्रयोग केले. बहुतेक वेळा निदान व्हायचे ते शवविच्छेदनाच्या टेबलावर.

टेट यांचा जन्म १ मे १८४५ रोजी एडिंबरोमध्ये झाला. हेरियट्स हॉस्पिटल या शाळेत शिकून पंधराव्या वर्षी ते एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले. प्रारंभ कलाशाखेने झाला, पण लवकरच ते वैद्यकाकडे वळले. क्लोरोफॉर्मच्या वापरासाठी जगप्रसिद्ध झालेले जेम्स यंग सिम्प्सन आणि शल्यविशारद जेम्स साइम हे तेव्हा एडिंबरोत शिकवत होते. सिम्प्सन आणि टेट यांच्या चेहऱ्यात इतके साम्य होते, की टेट हे त्यांचेच अनौरस पुत्र असल्याची वदंता आयुष्यभर त्यांचा पिच्छा पुरवत राहिली. तिला पुरावा कधीच मिळाला नाही. एवढे मात्र खरे, की ती खोडून काढण्याची टेट यांनी फारशी घाई केली नाही!

१८६६ मध्ये वैद्यकीय परवाना मिळाल्यावर पुढच्याच वर्षी ते यॉर्कशरमधील वेकफिल्ड येथील क्लेटन हॉस्पिटलमध्ये निवासी शल्यविशारद म्हणून रुजू झाले. २९ जुलै १८६८ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बीजांडकोशाची गाठ काढण्याची आपली पहिली शस्त्रक्रिया केली. त्या काळी पोट उघडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण, असे अनेक नामवंत शल्यविशारद मानत. या शस्त्रक्रियेत लंडनचे स्पेन्सर वेल्स हे सर्वश्रेष्ठ मानले जात. त्यांच्या पहिल्या हजार रुग्णांतही दर चारांमागे जवळपास एक दगावला होता. आडगावच्या रुग्णालयातील एका पोरसवदा डॉक्टरने या क्षेत्रात पाऊल टाकावे, हे धाडसच होते. वेकफिल्डमध्येच एका वकिलाच्या कन्येशी, सिबिल स्ट्युअर्ट यांच्याशी, १८७१ मध्ये त्यांचा विवाह झाला. तोवर त्यांनी मुक्काम बर्मिंगहॅमला हलवला होता.

बर्मिंगहॅम हे तेव्हा धुराड्यांचे आणि सुधारणावाद्यांचे शहर होते. १८७१ मध्ये आर्थर चेंबरलेन आणि इतर मंडळींच्या पुढाकाराने तेथे खास स्त्रियांसाठी रुग्णालय सुरू झाले आणि टेट यांची तेथे शल्यविशारद म्हणून नेमणूक झाली. थोड्याशा खाटांच्या या रुग्णालयाला त्यांनी २२ वर्षे दिली. ब्रिटनमधील बहुतेक रुग्णालये स्त्री डॉक्टरांना उंबरठाही ओलांडू देत नव्हती, त्या काळात येथे झुरिकला शिकून आलेल्या डॉ. लुइझा अॅटकिन्स यांना निवासी डॉक्टर म्हणून जागा मिळाली आणि टेट यांनी त्याला पाठिंबा दिला. पुढे शहराच्या नगरपरिषदेत निवडून गेल्यावर त्यांनी आरोग्य समितीचे कामही पाहिले.

शल्यविशारद म्हणून टेट यांचे यश आणि त्यांची मते यांचा मेळ घालणे अवघड आहे. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक कार्बोलिक अॅसिडचा पुरस्कार केला आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत त्याचे फवारे उडू लागले. टेट यांनी प्रारंभी ही पद्धत वापरून पाहिली, मग सोडून दिली आणि त्यानंतर तिच्यावर जाहीर टीकेची झोड उठवली. जंतूंच्या सिद्धांतावर त्यांचा विश्वास बसला नाही तो नाहीच. पण हाच माणूस साबण, पाणी आणि कमालीच्या स्वच्छतेचा हट्ट धरत असे. हत्यारे, स्पंज, हात, खोली सारे काही लख्ख असले पाहिजे आणि पोटातील रक्त वा पू साध्या कोमट पाण्याने धुऊन काढला पाहिजे, अशी त्यांची शिस्त होती. जंतूंना न मानता त्यांनी जंतू दूर ठेवले, असेच म्हणावे लागेल. याच पद्धतीने बीजांडकोशाच्या लागोपाठ १३९ शस्त्रक्रिया त्यांनी एकही मृत्यू न होता पार पाडल्या. लंडनच्या वर्तुळात या आकड्यांवर संशय घेतला गेला, टेट यांनी आकडे देऊन आणि प्रसंगी अपशब्द वापरून उत्तरे दिली. मैत्रीपेक्षा भांडणे जोडण्यातच त्यांना अधिक गोडी होती, असे त्यांच्या पत्रव्यवहारावरून वाटते.

निदान होत नसेल तर पोट उघडून पाहा, हे त्यांचे सूत्र होते. १८७९ मध्ये त्यांनी पित्ताशय उघडून खडे काढले. १८८० मध्ये सुजलेले आंत्रपुच्छ, म्हणजे ज्याला आपण अपेंडिक्स म्हणतो ते, त्यांनी यशस्वीपणे काढले. ब्रिटनमधील अशा प्रकारची ती पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. फावल्या वेळात ते घटपर्णीसारख्या कीटकभक्षी वनस्पतींवर प्रयोग करीत आणि त्याविषयी चार्ल्स डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार करीत. प्राण्यांच्या जिवंतपणी त्यांच्यावर शस्त्रक्रियेचे प्रयोग करण्यास मात्र त्यांचा कडवा विरोध होता. अशा प्रयोगांनी शल्यविद्येला काहीही दिलेले नाही, उलट दिशाभूल केली आहे, असा निबंध त्यांनी १८८२ मध्ये वाचला आणि आणखी काही शत्रू मिळवले.

अशा माणसाने १८८१ मध्ये दोनदा नकार दिला होता. त्यामागे धाडसाचा अभाव नव्हता, ज्ञानाचा होता. रक्त नेमके कोठून येते आणि ते बांधता येईल का, हे त्यांना ठाऊक नव्हते. शवविच्छेदनाने ते उत्तर दिले.

सुमारे अठरा महिन्यांनी, जानेवारी १८८३ मध्ये, वुल्व्हरहॅम्प्टनच्या स्पॅकमन नावाच्या डॉक्टरांकडून बोलावणे आले. पुन्हा तेच निदान, तशीच खचत चाललेली रुग्ण. या वेळी टेट यांनी पोट उघडले. आत रक्ताच्या गुठळ्या होत्या, आतड्यांना चिकटलेली वार होती. तिला सोडवण्याच्या प्रयत्नात ते गुंतले, प्रत्येक हालचालीबरोबर नवे रक्त वाहू लागले आणि ती स्त्री वाचली नाही. नलिका फुटलेल्या स्त्रीवर हेतुपुरस्सर केलेली ही पहिली शस्त्रक्रिया अपयशी ठरली. येथे दुसरा कोणी असता तर वरिष्ठांचा जुना इशाराच खरा होता, असे म्हणून थांबला असता. टेट यांनी मात्र क्रमातली चूक शोधली. चिकटलेले भाग सोडवत बसणे हे पहिले काम नव्हते. थेट गर्भाशयाच्या बाजूच्या पडद्यापर्यंत हात घालून रक्तवाहिन्या आधी बांधायला हव्या होत्या, बाकीचे नंतर.

मार्च १८८३ मध्ये पुढची रुग्ण आली. टेट यांनी नव्या क्रमाने शस्त्रक्रिया केली आणि ती स्त्री जगली. तेव्हा रक्त चढवण्याची सोय नव्हती. रक्तगटांचा शोधच १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी लावला. प्रतिजैविके नव्हती, सोनोग्राफी नव्हती, गरोदरपणाची खात्रीची चाचणी नव्हती. होते ते फक्त दिवस चुकल्याची हकिकत, पांढराफटक पडलेला चेहरा, मंदावत जाणारी नाडी आणि डॉक्टरांची बोटे. १८८८ मध्ये टेट यांनी या विषयावरील व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तोवर अशा सुमारे चाळीस शस्त्रक्रिया त्यांच्या नावावर जमा झाल्या होत्या आणि त्यांत मृत्यू होते दोन. त्या दोनांपैकी एक वुल्व्हरहॅम्प्टनची. शंभरात सदुसष्ट मृत्यूंचा आजार पाच वर्षांत शंभरात पाच मृत्यूंवर आला होता. अर्थात पॅरी यांच्या नोंदी अनेक देशांतील अनेक डॉक्टरांच्या होत्या आणि टेट यांच्या एकाच निष्णात हाताच्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. तरीही फरक एवढा मोठा होता, की युरोप-अमेरिकेतील शल्यविशारद बर्मिंगहॅमची वाट धरू लागले.

या पुस्तकात केवळ शस्त्रक्रियेचे वर्णन नव्हते. स्त्रियांच्या ओटीपोटात रक्त साचण्याचा एक गूढ विकार तेव्हाच्या ग्रंथांत स्वतंत्रपणे वर्णिलेला असे. तो बहुतांशी नलिकेतील गर्भ फुटल्याचाच परिणाम असतो, हे टेट यांनी दाखवून दिले. बीज नलिकेत का अडकते, याचेही उत्तर त्यांनी सुचवले. नलिकेच्या आतील अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात आणि त्यांच्या हालचालीने बीज पुढे सरकते. सुजेमुळे हे अस्तर झडले, की बीज वाटेतच थांबते, असा त्यांचा तर्क होता. आजचे वैद्यकशास्त्र या तर्काच्या बरेच जवळ आहे. क्लॅमिडियासारख्या लैंगिक संसर्गामुळे नलिकेला झालेली इजा हे प्रमुख कारण मानले जाते. भारतात त्यात जननेंद्रियांच्या क्षयरोगाची भर पडते. पूर्वी नलिकेवर झालेली शस्त्रक्रिया, धूम्रपान आणि टेस्ट ट्यूब पद्धतीने झालेली गर्भधारणा यांनीही धोका वाढतो. एकदा असा गर्भ राहिलेल्या स्त्रीला पुन्हा तसा राहण्याची शक्यता सुमारे दहा टक्के असते. तांबी बसवल्याने एकूण गर्भधारणाच टळते. मात्र तांबी असताना दिवस गेलेच, तर गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याची शंका डॉक्टर आधी घेतात.

शंभर गर्भधारणांत एक किंवा दोन अशा निघतात. दिवस चुकणे, ओटीपोटात बहुधा एका बाजूला दुखणे आणि थोडा थोडा रक्तस्राव ही तिची नेहमीची लक्षणे. नलिका फुटल्यावर घेरी येते, घाम फुटतो आणि कधी कधी खांद्याच्या टोकाशी दुखते. पोटातील रक्त श्वासपटलाला लागते आणि वेदना खांद्यात जाणवते, त्यामुळे रुग्ण आणि कधी डॉक्टरही चकतात. रक्तातील बीटा एचसीजी या संप्रेरकाची मोजणी आणि योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी यांमुळे आता नलिका फुटण्यापूर्वीच निदान होऊ शकते. गर्भ लहान असेल आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर मेथोट्रेक्सेट या औषधाच्या इंजेक्शनने तो विरघळवता येतो. अन्यथा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. नलिका फुटली असेल तर टेट यांनी केले तेच करावे लागते. रक्तवाहिन्या बंद करायच्या आणि नलिका काढायची. दुसरी नलिका निरोगी असेल, तर पुढे मूल होण्याची वाट बंद होत नाही. आपल्याकडे एक वेगळा धोका आहे. सोनोग्राफी न करता दुकानातून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या नलिकेतील गर्भावर परिणाम करत नाहीत. गोळ्यांनी गर्भाशयातून रक्त जाते, गर्भपात झाला असे घरच्यांना वाटते आणि नलिकेतला गर्भ वाढतच राहतो. गर्भधारणेच्या पहिल्या तीन महिन्यांतील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण हा आजार आजही आहे.

टेट यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. नलिका आणि बीजांडकोश काढण्याच्या ज्या शस्त्रक्रियेने त्यांना कीर्ती दिली, तिचा त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी सढळ वापर केला. असह्य वेदना, मासिक पाळीचा त्रास, अशा कारणांसाठीही अवयव काढले गेले. आपण केवळ रोगट अवयवच काढतो, असा टेट यांचा दावा होता. टीकाकारांच्या मते कितीतरी स्त्रियांना विनाकारण वंध्यत्व आले. १८८६ मध्ये लिव्हरपूलच्या स्त्री-रुग्णालयातील डॉ. फ्रान्सिस इम्लाख यांच्यावर असाच आरोप होऊन प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा टेट त्यांच्या बाजूने उभे राहिले. ज्या स्त्रियांचे अवयव काढले गेले, त्यांना पुरेशी कल्पना दिली गेली होती का, हा प्रश्न त्या वादात विचारला गेला खरा, पण डॉक्टरांच्या आपसांतील भांडणात तो मागे पडला. जीव वाचवणारा आणि अवयव काढायला उतावीळ असणारा हात एकच होता. गौरवग्रंथांत ही बाब सहसा आढळत नाही.

मानसन्मान मात्र भरपूर मिळाले. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश गायनेकॉलॉजिकल सोसायटीच्या संस्थापकांत ते होते आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. १८८७ मध्ये बर्मिंगहॅमच्या क्वीन्स कॉलेजात ते स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. पार्लमेंटची निवडणूकही त्यांनी लढवून पाहिली, पण मतदारांनी त्यांना नाकारले. आडदांड बांधा, मोठे डोके, खाण्यापिण्याची आणि पाहुणचाराची हौस आणि धारदार जीभ असे हे व्यक्तिमत्त्व होते. नव्वदच्या दशकात कोर्टकज्जे, ढासळती प्रकृती आणि घटत गेलेला व्यवसाय यांनी त्यांना घेरले. १८९३ मध्ये स्त्रियांच्या रुग्णालयाशी असलेला त्यांचा संबंध संपला. मूत्रपिंडाच्या विकाराने ते वेल्सच्या किनाऱ्यावरील लँडुडनो येथील घरी जाऊन राहिले आणि १३ जून १८९९ रोजी, वयाच्या अवघ्या चौपन्नाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. ब्रिटनमध्ये दहनाची प्रथा तेव्हा नवी होती. त्यांच्या पार्थिवावर लिव्हरपूलमध्ये दहनसंस्कार झाले आणि रक्षा लँडुडनोच्या घराच्या आवारातील गोगार्थ नावाच्या गुहेत ठेवण्यात आली.